फॅमिली लाउंज वरच्या मजल्यावर

गेलं वर्षभर मी घरांचे नकाशे वाचतेय. बिल्डरांची ब्रोशर्स, आर्किटेक्टांच्या वेबसाइटवरचे प्लॅन, 'तीस बाय चाळीसमध्ये फोर बीएचके' छापाच्या रील्स, नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललेल्या पीडीएफ. कारण साधं आहे. कराडच्या बाजूला आमचा प्लॉट आहे, तिथे घर बांधायचं चाललंय, आणि घरात इंजिनियर मी एकटीच. मी सॉफ्टवेअरची इंजिनियर आहे हे सांगून काही उपयोग नसतो. नकाशा आला की फोन माझ्याच हातात येतो: "बघ गं, तू इंजिनियर ना."

सुरुवातीला मी मापं बघत होते. पंधरा-वीस नकाशांनंतर मापांपेक्षा त्यांवरचे शब्द जास्त दिसायला लागले. जी-प्लस-वन बंगला असो की रो हाऊस, साचा बहुतेक एकच असतो. खाली पार्किंग, लिव्हिंग, किचन-डायनिंग आणि कोपऱ्यात दहा बाय दहाची एक खोली. तिच्यावर लिहिलेलं असतं 'पॅरेंट्स बेडरूम'. तिचं टॉयलेट पुष्कळदा जिन्याखाली, म्हणजे जरा उंच माणसाला मान वाकवून जावं लागेल असं. जिना चढून वर गेलं की बारा बाय पंधराची 'मास्टर बेडरूम', तिला बाल्कनी, पलीकडे 'किड्स बेडरूम', आणि या सगळ्यांच्या मधोमध ऐसपैस मोकळी जागा: 'फॅमिली लाउंज'.

हे एखाद्या कथेसारखं वाचून बघा. या घरात पॅरेंट्स आहेत आणि फॅमिली आहे. पॅरेंट्स खाली राहतात, फॅमिली वर राहते. मास्टर कोण, तर ज्याच्या खात्यातून ईएमआय जातो तो. कुणी दुष्टपणाने हे लिहिलेलं नसतं. ड्राफ्ट्समनने आधीच्या फाइलमधून उचललेलं असतं, त्याने त्याच्या आधीच्या. पण आमच्या कामातही असंच असतं. कुणीच विचार न करता जी ओळ एका फाइलमधून दुसरीत जात राहते, तिच्यात सिस्टिम मुळात कुणासाठी बनवली होती ते सापडतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: आईवडिलांची सोय खालीच केलीय, जिना नको म्हणून. खोटं नाही ते. जिना नकोच. दहा फुटांचा मजला चढायचा म्हणजे सात इंचाच्या सतरा-अठरा पायऱ्या, आणि गुडघे गेलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त भितीचं. पण 'सोय' हा शब्द मला टोचतो. पाहुण्यांची सोय करतात, गुरांची सोय करतात, नकोशा झालेल्या माणसाची सोय लावतात. घरात राहणाऱ्या माणसाची सोय करत नाहीत, तो तिथे राहतो. आणि राहणं म्हणजे फक्त झोपणं आणि संडासला जाणं नव्हे. रात्री जेवणं झाली की या घरात काय होतं बघा. पंचावन्न इंची टीव्ही वर लाउंजमध्ये आहे, पोरांचा अभ्यास वर आहे, नवराबायकोची भांडणं आणि समेट वर आहेत. साडेनऊला खालचे दिवे मालवतात. मग खाली राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो तो सकाळचा दूधवाला, दुपारचा कुरियरवाला आणि संध्याकाळी गेट उघडणं. 'एकाच मजल्यावरचं राहणं' म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा वॉचमनची केबिन असते, जरा मोठी आणि अटॅच्ड टॉयलेटवाली.

एवढं बोललं की कुणीतरी वाड्याचा फोटो पाठवतं. म्हणे आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं. ओटा, ओसरी, मधला चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे परसू. सगळं एकामागे एक, जमिनीलगत. माडी असली तरी दिवसाचं जगणं खालीच. यातली एक गोष्ट मला खरोखर आवडते. घर खणांत मोजायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. ऐपत आणि माणसं वाढली की खण वाढवायचे. जमीन होती तोवर घर आडवं वाढू शकायचं.

पण नुसता फोटो बघू नका, त्या घरात ऐंशी वर्षांची, कंबर मोडलेली बाई चालवून बघा. जोतं दोन-तीन फूट उंच, पायऱ्या दगडी, धरायला काही नाही. प्रत्येक दाराला उंबरा. दारं बुटकी. माडीचा जिना भिंतीच्या जाडीत बसवलेला, उभा आणि अंधारा. संडास परसाच्या टोकाला, पावसात चिखल तुडवत जायचा. हे घर सपाट नव्हतं. ते सपाट वाटायचं, कारण म्हातारं माणूस एकदा माजघरात निजलं की पाणी त्याच्यापर्यंत यायचं, ताट यायचं, घंगाळ यायचं. आणणारे हात सुनांचे. आज रॅम्प आणि ग्रॅब बार जे करतात ते तेव्हा सुनांच्या पाठी करत होत्या, आणि त्याचा खर्च कुठल्याच वहीत मांडला जात नव्हता.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मी कॉलेजात वाचलं तेव्हा ते मला ऱ्हासाचं नाटक वाटलं होतं. बहुतेकांना ते तसंच शिकवलं जातं: विदर्भातलं देशपांड्यांचं पडतं घर, वडील नुकतेच गेलेले, मुंबईहून आलेला सुधीर, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं, आणि पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' येऊन त्याची त्रिनाट्यधारा झाली. या वर्षी नकाशांच्या नादात मी ते पुन्हा वाचलं आणि मला दिसली ती दादी. घरातली सगळ्यात म्हातारी बाई. ती किती वाजले हे पुन्हा पुन्हा विचारत राहते. चार पिढ्या एका छपराखाली आहेत. दादीला कुणी खालच्या मजल्यावर टाकलेलं नाही, घर तिच्या अवतीभवतीच घडतंय, दागिन्यांची आणि दिवसांच्या खर्चाची बोलणी तिच्या कानांवर पडावीत इतक्या जवळ. आणि तरीही ती एकटी आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळतं तेही जाता जाता, कामातून मान वर न करता.

म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणलं की घर एकत्र येतं, या माझ्या लाडक्या समजाला हे नाटक सरळ छेद देतं. त्या वाड्यात माणसं समोरासमोर आहेत म्हणूनच एकमेकांपासून लपायला जागा नाही. शिक्षण अडवलं गेलेल्या प्रभाला नाही, दिवसभर राबणाऱ्या वहिनीला नाही. चंदूच्या पायाची जखम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिघळते. घराची उस्तवार ज्यांच्या अंगावर पडते त्यांना घरात स्वतःचा असा कोपरा नसतो. एलकुंचवारांचा वाडा चिरेबंदी आहे तो दगडांमुळे, आणि कुठलंही दार आतून लावता येत नाही यामुळेही, असं मला या वाचनात वाटलं. नॉस्टॅल्जियावाल्यांनी फोटो पाठवण्याआधी हे एक नाटक वाचावं.

मग आधुनिक आर्किटेक्टांनी काय केलं? नवी मुंबईत नोकरीला असताना मी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दोन-तीनदा फिरून आले होते. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी केलेली ही वसाहत १९८० च्या दशकातली. सात-सात घरं साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती, अशा तीन पुंजक्यांचा मिळून मोठा पुंजका, त्याला आणखी मोठं अंगण. प्लॉट लहान, पंचेचाळीस ते पंच्याहत्तर चौरस मीटरचे. सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. शेजाऱ्याला न विचारता तुम्ही तुमचं घर वाढवू शकता. कोरियांनी घर एकदा बांधून संपणारी वस्तू मानलं नाही, कुटुंबाबरोबर वाढणारी मानलं. खणांचं गणित त्यांनी शहरात आणलं, असंही म्हणता येईल.

आज तिथे उतरत्या कौलांची मूळ घरं शोधावी लागतात. बरीचशी पाडून तिथे दोन-तीन मजली काँक्रीटची घरं झालीत. यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात हळहळण्यासारखं फारसं वाटलं नाही. लोकांनी वाढवायची मुभा वापरली, इतकंच. माझी तक्रार दुसरी आहे. पंचेचाळीस मीटरच्या प्लॉटवर घर वाढणार ते वरच. या नकाशात काळ आहे, पण तो लग्नाचा आणि बाळंतपणाचा काळ आहे. कुटुंब मोठं होतं हे त्यात धरलंय, म्हातारं होतं हे धरलेलं नाही. प्रत्येक वाढीबरोबर जिन्याला एक वळण वाढतं, आणि ज्यांनी १९८६ च्या सुमारास तिशीत हे घर घेतलं ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. आमच्या भाषेत याला एज केस म्हणतात: क्वचित घडणारी परिस्थिती, नंतर बघू. म्हातारपण एज केस कसं असेल? जो जगला त्या प्रत्येकाच्या बाबतीत ते घडतं.

हेच मास्टर बेडरूमचं. माझा दादा तेहतीसचा आहे. त्याचं कर्ज वीस वर्षांचं. कर्ज फिटेल तेव्हा तो त्रेपन्नचा असेल, म्हणजे ज्या वर्षी वरची खोली खऱ्या अर्थाने त्याची होईल, साधारण त्याच सुमाराला त्याचे गुडघे कुरकुरायला लागतील. आमच्या घराण्यातले गुडघे मला माहीत आहेत.

कायद्याकडूनही फार मदत होत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार येतात. निवास येतो, पण जिन्याखालच्या टॉयलेटची दहा बाय दहाची खोली हाही निवासच.

जपानी लोकांची एक गोष्ट मात्र मला फार पटली. तिथे 'निसेताई जूताकू', म्हणजे दोन कुटुंबांचं घर, हा घराचा रीतसर प्रकार आहे. असाही कासेई कंपनीने १९७५ पासून तो या नावाने विकायला आणला. त्यातही पुष्कळदा म्हातारी जोडी खाली आणि तरुण जोडी वरच असते. फरक असा की तिथे नकाशा काढण्याआधी प्रश्न उघड विचारला जातो: दरवाजा एक की दोन? न्हाणीघर एक की दोन? स्वयंपाकघर एक की दोन? सगळं सामाईक, थोडं सामाईक, सगळं वेगळं, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पाहिजे ती निवडा.

मराठीत हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्याचं उत्तर भाषेने आधीच देऊन ठेवलंय. 'चूल वेगळी झाली' म्हणजे घर फुटलं. दोन गॅस म्हणजे वाटणी. म्हणून आपल्या नकाशांत वरच्या मजल्यावर एक गंमतशीर शब्द येतो: 'पँट्री'. चार बाय सहाची जागा, ओटा, सिंक, इंडक्शनसाठी पॉइंट, मिनी फ्रिजची जागा. सगळ्यांना माहीत असतं की ते स्वयंपाकघर आहे. सगळे म्हणतात, रात्री पोरांचं दूध गरम करायला. इंग्रजी शब्दाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आता आमचा नकाशा. प्लॉट चाळीस बाय साठ, म्हणजे २४०० चौरस फूट. समोर दहा फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले की उरतात तीस बाय पंचेचाळीस, १३५० फूट. राहणारी माणसं सात: आजी, आई-बाबा, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी, आणि येऊन-जाऊन मी. सगळं खाली बसवायचं म्हटलं तर बसत नाही. शिवाय तेवढंच क्षेत्रफळ एका मजल्यावर पसरायचं म्हणजे पाया जास्त, खर्च वाढतो. म्हणून खरा प्रश्न 'वर काहीच नको' असा नाही. वर काय गेलं तर चालेल, हा आहे.

पहिल्या नकाशात उत्तर नेहमीचंच होतं. आजीला कोपरा, आई-बाबा वर, लाउंज वर, आणि एका खोलीवर लिहिलेलं 'गेस्ट'. ती माझी, हे मला वहिनीने सांगितलं. मी तो उलटा करायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघर, बसायची मोठी खोली, टीव्ही, आजीची खोली, आई-बाबांची खोली, दोन न्हाणीघरं खाली. आजीच्या खोलीचं दार बसायच्या खोलीत उघडणारं, पण बरोबर समोर नाही, थोडं बाजूला. तिला हवं तेव्हा आतून आवाज ऐकू यावेत आणि नको तेव्हा दार लावता यावं. वर फक्त झोपायच्या खोल्या, दादा-वहिनीची आणि मुलीची. लाउंज नाही. वरचं कुणी वर थांबलं तर ते झोपायला किंवा एकटं राहायला. एकत्र बसायचं असेल तर खाली, जिथे सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस आहे तिथे.

बारीक गोष्टींवर जास्त वाद झाले. रॅम्पला एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लांबीचा रॅम्प. समोर दहाच फूट आहेत, म्हणून तो बाजूच्या मोकळ्या पट्टीतून न्यावा लागला. तिथे बाबांना कढीपत्ता लावायचा होता. व्हीलचेअर वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. चार बाय सातच्या बाथरूममध्ये ते मावत नाही, पाच बाय आठमध्ये कमोड आणि बेसिन नीट सरकवली तर जमतं. अडीच फुटांच्या दाराची चौकट वजा केली की व्हीलचेअरची चाकं अडतात, म्हणून तीन फुटांचं दार. आणि ते दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर तेच माणूस दार अडवून बसतं. हे मी सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, "ताई, बाथरूमचं दार बाहेर उघडलं की हॉलमधून वाईट दिसतं." आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मी पडलेली बरी दिसते का?"

खरा आक्षेप मात्र वहिनीचा होता. तो माझ्या सगळ्या वाचनापेक्षा वजनदार आहे, म्हणून त्याला जागा देते. ती म्हणाली, तू सगळं खाली आणलंस, म्हणजे मलाही दिवसभर खालीच आणलंस. वरचं लाउंज तुला दुरावा वाटतो, पण या घरात मला गाऊनवर बसून टीव्ही बघता येईल अशी तेवढी एकच जागा होती. ती चिडली नव्हती. सकाळचे डबे भरता भरता बोलत होती. आणि मला एलकुंचवारांचा वाडा आठवला, ती लपायला जागा नसलेली सपाट, चिरेबंदी एकत्रता. सुनांसाठी माडी हे कधीकधी एकुलतं एक स्वातंत्र्य असतं. फॅमिली लाउंजवर टीका करताना हे सोडून दिलं तर ती टीका सासूच्या बाजूने लिहिलेली होते.

मग लाउंज नाही, पण वर एक बसायची जागा ठेवली, दोन माणसं आणि एक पोर मावेल एवढी. तिला नाव काय द्यायचं यावर ड्राफ्ट्समन अडला. त्याच्या फाइलमध्ये तयार शब्द नव्हता. पँट्री वहिनीने स्वतः खोडली. म्हणाली, गॅसची लाइन घे वर, सिलिंडरला बाहेर जागा कर आणि सरळ 'स्वयंपाकघर २' लिही. आई थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "एक्झॉस्टला खिडकी ठेवलीय ना?"

सध्या चौथं रिव्हिजन चालू आहे आणि ते गाडीवर अडलंय. खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघरं, जिना, भिंतींची जाडी धरून साडेअकराशे फुटांच्या आसपास जातात. उरलेल्या दोनशे फुटांत एक तर छप्पर असलेली पार्किंग होते, नाही तर दहा बाय अकराची आणखी एक खोली. वरची 'गेस्ट' मी काढून टाकली होती, कारण उद्या आईला रात्री आजीजवळ कुणीतरी हवं असेल तर ते माणूस वरून उतरून येणार नाही. बाबांचं म्हणणं, गाडी उन्हात राहिली तर रंग जातो. दादाचं म्हणणं, पार्किंगशिवाय रिसेल होत नाही. मी म्हटलं, शेड मागाहून टाकता येते, खोली टाकता येत नाही. ड्राफ्ट्समनने दोन्ही पर्याय पाठवलेत, ए आणि बी. बी मध्ये त्या खोलीवर काय लिहायचं, असं त्याने कंसात विचारलंय.